लाल शाई

४ जानेवारी १९८६

चि. गुंड्यास,
अनेक उ. आ.

तुझं पत्र मिळालं. नेहमीप्रमाणे दुरुस्त करून सोबत परत पाठवते आहे. एकूण अकरा चुका आहेत. मागच्या पत्रात तेरा होत्या, म्हणजे गाडी रुळावर येते आहे. दिवसभर दुसऱ्यांची पुस्तकं बांधतोस, तर खळ वाळेपर्यंत त्यातलं एखादं उघडून वाचायला काय हरकत आहे? बावन्न वर्षांचा माणूस 'आशीर्वाद' नीट लिहू शकत नाही, हे मी इथे कुणाला सांगतसुद्धा नाही.

इकडे संग्रहालयात बरण्यांचं काम निघालं आहे. दर जानेवारीत सगळ्या बरण्यांतलं औषध बदलायचं, झाकणं पुन्हा मेणाने बंद करायची, चिठ्ठ्या नव्याने लिहायच्या. डोळ्यांची नुसती आग होते. त्यातच कॉलेजची नवी मुलं आली आहेत. सगळ्यांना हृदय बघायचं असतं, मेंदू बघायचा असतो. मोठ्या आतड्याच्या बरणीपाशी कुणी पायच थांबवत नाही. मग मी मुद्दाम तिथेच उभी राहते. पोटात उजवीकडे खाली लहान आतडं येऊन मिळतं, तिथून हे सुरू होतं, वर यकृतापर्यंत चढतं, आडवं होतं, डावीकडे वळून उतरतं आणि शेवटी एक नागमोडी वळण घेऊन मलाशयाला लागतं. उणंपुरं पाच फूट. परकराची नाडी ओढावी तशा त्याला चुण्या असतात. अन्नातलं सत्त्व आधीच कुणीतरी काढून घेतलेलं असतं, याच्या वाट्याला येतो तो राहिलेला चोथा. त्यातलं पाणी शोषून ते शरीराला परत देतं आणि उरलेलं बांधून बाहेर पाठवतं. मुलं नाकाला रुमाल लावून ऐकतात. मी म्हणते, हसा, पण हे एक दिवस रुसलं ना, की मेंदूला दुसरं काही सुचायचं नाही.

पुढच्या वर्षी मार्चअखेर माझी नोकरी संपते. तोवर कामाचा रगाडा असाच असणार, तेव्हा माझ्या पत्रांना उशीर झाला तर फुरंगटून बसू नकोस. तुझ्या सौ.ला आणि छकुलीला आशीर्वाद.

लोभ आहेच, तो लाल शाईसकट गोड मानून घे.

तुझी ताई

•

२ मार्च १९८६
(कार्ड)

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. हे कार्ड एका विशेष कारणासाठी. हल्ली टपालाचं काही खरं नाही. चार चार दिवस पत्ता नसतो, मग एकदम दोन-तीन. तेही अपूरं वाटतं, मन भरत नाही. वर आता त्यात लाल शाइ. दिवाळखोर माणसासारखं तोंड लपवायची वेळ आली आहे. आधी शाई थोडी असायची, आता बरीच असते. बघितली की भिती वाटते.

तू या विषयातली जाणती. तुझ्याखेरीज कुणाला विचारणार? हे असंच चालायचं की काही करायला हवं, तेवढं लिही. कार्ड टाकायला ही घेऊन जाते आणि वाटेत वाचते, म्हणून जास्त लिहीत नाही.

लोभ वाढव, वाढवायला तुला चष्मा लागत नाही.

तुझा गुंड्या

•

२० मार्च १९८६

चि. गुंड्यास,
अनेक उ. आ.

टपालाबद्दलची तुझी तक्रार वाचली. उत्तर लगेच लिहिणार होते, पण खरं सांगायचं तर मन जरा खट्टू झालं होतं. म्हटलं, राग निवळू दे, मग लिहावं.

तर ऐक. यात एवढं मनावर घेण्यासारखं काही नाही. आपल्या वयाला असं थोडं मागेपुढे व्हायचंच. कधी चार दिवस काही नाही, कधी एकदम दोन-तीन. हे उन्हाळ्याचे दिवसच मेले वाईट असतात. ते सरले की सगळं आपोआप सुरळीत होईल, तुला वेगळं काही करायला नको.

लाल शाईचं म्हणशील तर ती आपल्या घरातली जुनीच गोष्ट आहे, बाबांपासूनची. त्यांचं कुठे काय बिघडलं? लाल शाईने आजवर कुणी मेलेलं नाही. तू भितोस हे वाचून आधी हसू आलं आणि मग वाईट वाटलं. एक मात्र सांगते, ते कुणाला दाखवत बसू नकोस. घरातली गोष्ट घरात राहू दे. तुला इतकाच त्रास होत असेल तर काही दिवसांत तीही बंद होईल, माझा शब्द आहे.

बाकी सर्व ठीक. या खेपेला पत्र लांबलचक लिहिलं आहे, आता अपुरं म्हणू नकोस.

लोभ होता तेवढाच आहे, रुसव्याने तो आटत नाही.

तुझी ताई

•

२ एप्रिल १९८६

चि. सौ. छकुलीस,
अनेक आशिर्वाद.

तुझं पत्र वाचून तुझ्या आईला आनंद झाला आणि मला झाला, असं दोघांचं मिळून लिहितो. आता पुढचं फक्त तुझ्यासाठी, आईला बोलायचं नाही. तिला कळलं तर ती घर डोक्यावर घेईल.

दोन-तीन महिने माझं पोट ठिकाणावर नाही. जाऊन आलं तरी आणखी आहे असं वाटतं, आणि रक्त पडतं. आता बापाने लेकीला हे काय लिहावं, पण कुणाला तरी सांगायला हवं. ताईला मी आपल्या घरच्या भाषेत विचारलं. तुला आठवत असेल, तुझे आजोबा टपाल छाननीवर होते. सकाळी संडासाच्या दारावर टकटक करून आम्हाला विचारायचे की टपाल निघालं का. पोट तुंबलं की टपाल तुंबलं, जुलाब लागले की तार आली, आणि नुसताच वारा सरला तर बैरंग. ताईला हे शब्द आवडत नाहीत, ती मोठ्या लोकांत वावरते. पण उघड्या कार्डावर दुसरं काय लिहिणार? रक्ताला शब्द नव्हता, तो मी बनवला. लाल शाई.

तिचं उत्तर आलं. तिने अगदी सविस्तर लिहिलंय, की या वयाला असं होतंच, उन्हाळ्याने होतं, आजोबांनाही होती म्हणजे मुळव्याधच ती, कुणाला दाखवायची गरज नाही, आपोआप बंद होईल. माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं बघ. तीस वर्षं ती माणसांची आतडी बरणीत सांभाळते, तिच्याहून कुठल्या डॉक्टरला जास्त कळणार आहे? मी तर दवाखाण्यात नंबर लावून आलो होतो. कागद फाडून टाकला.

दुकान ठीक चाललंय. एका शाळेची दोनशे वह्या-पुस्तकं आली आहेत बांधायला.

लोभ कर, पण आईसमोर तोंड बंद ठेव.

तुझा बाबा

•

९ ऑक्टोबर १९८६

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी रागात लिहिते आहे, ते आधीच सांगते. मागून माफी मागीन.

बाबा गेल्या आठवड्यात दुकानात पुठ्ठे कापायच्या यंत्राशी उभे असताना चक्कर येऊन पडले. नशीब, हात पात्याखाली नव्हता. अंगात रक्त निम्म्यावर आलं आहे. सहा महिन्यांत तेरा किलो वजन उतरलं. आईला ते पट्टा सैल झालाय म्हणून नवं भोक पाडायला सांगत होते, म्हणे चामडं ताणलं. हॉस्पिटलात खालून पांढरं औषध भरून फोटो काढला. डॉक्टरांनी तो उजेडावर धरून आम्हाला दाखवला. सगळं मोठं आतडं फुगीर, चुण्याचुण्यांचं दिसतं आणि शेवटाकडे, मलाशयाच्या जरा वर, खाल्लेल्या सफरचंदाचा गाभा उरावा तसं बारीक होतं. तिथे गाठ आहे. चांगली नाही. यकृतावरही दोन डाग आहेत असं त्यांना वाटतं.

डॉक्टरांनी विचारलं, रक्त कधीपासून पडतं. बाबा म्हणाले, जानेवारीपासून. मग इतके दिवस काय केलंत, असं त्यांनी विचारलं, तर बाबा म्हणाले, माझ्या बहिणीला विचारलं होतं, ती म्हणाली काही नाही. तुमचं नाव त्यांनी अभिमानाने सांगितलं, आत्या. डॉक्टरांनी ते कागदावर लिहून घेतलं. मी मात्र विचारणार आहे. तुम्ही कसं लिहिलंत असं? लाल शाईने कुणी मेलेलं नाही, हे वाक्य बाबांना पाठ आहे. कुणाला दाखवू नकोस, हे तुम्ही लिहावं? आणि मीही शहाणी, तुमचा शब्द म्हणजे शेवटचा म्हणून गप्प बसले. तो राग माझा माझ्यावरही आहे.

ऑपरेशन चोवीस तारखेला. तुम्ही या किंवा येऊ नका, बाबा रोज विचारतात.

लोभाचं आज काही लिहवत नाही.

छकुली

•

१५ ऑक्टोबर १९८६

चि. गुंड्यास,
अनेक उ. आ.

छकुलीचं पत्र मी चारदा वाचलं. तिला कशातलं काय झालं हे कळत नव्हतं, आणि मलाही आधी कळेना. मी आजाराबद्दल तुला कधी काही लिहिलंच नव्हतं. मग ड्रॉवर उपसला आणि तुझं मार्चमधलं कार्ड निघालं, तेव्हा रागाच्या भरात परत न पाठवलेलं.

गुंड्या, मला वाटलं तू माझ्या पत्रांबद्दल लिहितो आहेस. माझी पत्रं चार-चार दिवस उशिरा येतात, आली की अपुरी असतात, आणि वर मी त्यांत लाल शाईने तुझ्या चुका काढून पाठवते, याचा तुला राग आला आहे असं मला वाटलं. मी त्याचंच उत्तर लिहिलं. बाबांची लाल शाई म्हणजे ते चुकीच्या पत्त्यांवर मारायचे ती लाल रेघ. कुणाला दाखवू नकोस म्हणजे माझी दुरुस्त्या केलेली पत्रं शेजारीपाजारी दाखवून हसं करू नकोस. तू विचारलंस जिवाचं, आणि मी रुसून बसले पत्रांवर.

बाबांचे शब्द मी विसरले होते असं म्हणावं तर तेही पूर्ण खरं नाही. कॉलेजात नोकरीला लागले तेव्हा तुझ्या एका पत्रात 'ताई, टपाल तुंबलंय, उपाय सांग' असं होतं. ते टेबलावर उघडं राहिलं आणि आमच्या हेडक्लार्कने सगळ्यांना वाचून दाखवलं. लोक महिनाभर मला पोस्टमास्तरीण म्हणत होते. तेव्हा मीच तुला तंबी दिली होती, की पुन्हा असलं लिहिलंस तर पत्र उघडणार नाही. तीस वर्षं तू ते पाळलंस. मीही तो शब्द मनातून असा पुसला, की तू जीव मुठीत धरून तो वापरलास तेव्हा मला फक्त पोस्टाची पेटी दिसली.

पण खरी गोष्ट याहून वाईट आहे. तुझ्या कार्डावर माझ्या हातचे तीन लाल गोल आहेत. 'अपूरं'ला एक. 'शाइ'ला एक, बाजूला लिहिलंय की खालच्या ओळीत बरोबर लिहिता येतं तर वर का नाही. आणि तिसरा 'भिती'ला. मी त्याची वेलांटी सुधारली आणि भीती कसली ते विचारलं नाही. मी तुझं पत्र आधी चुका शोधायला वाचते, आणि चुका सापडल्या की वाचून झालं असं समजते. तीस वर्षं ही सवय लागली आहे.

काल मी त्या बरणीपुढे जाऊन उभी राहिले. शेजारच्या खालच्या फळीवर रोगांच्या बरण्या आहेत, आमांशाने सोललेलं आतडं, जागोजागी पिशव्या आलेलं, कोंब फुटलेलं आणि शेवटची ती, तुझी. तिच्या चिठ्ठीवर माझ्याच अक्षरात लिहिलं आहे: सवयीत बदल, पोट साफ न झाल्याची भावना, रक्त. दर वर्षी मी ते नव्याने लिहिते. कार्डावर तू तेच लिहिलं होतंस, त्याच क्रमाने. मुलांना मी सांगते, की या आतड्याचा स्वभाव सावकाश आहे, त्याचा आजारही सावकाश वाढतो, एखाद्या कोंबाची गाठ व्हायला वर्षंच्या वर्षं जातात, म्हणून ते माणसाला भरपूर वेळ देतं. आपल्यालाही दिला होता. तो मी शुद्धलेखनावर घालवला.

तेवीस तारखेला पोचते. क्षमा कुठल्या तोंडाने मागू ते कळत नाही, म्हणून इथे मागत नाही.

लोभ ठेव असं म्हणायचा हक्क मी राखलेला नाही, तरी ठेव.

तुझी ताई

•

२९ नोव्हेंबर १९८६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू दहा दिवस राहून गेलीस. माझी पिशवी धुतलीस, पाठ पुसलीस, हिच्याशी भांडून तिला झोपायला लावलंस, पण तुझ्या पत्राबद्दल तू बोलली नाहीस आणि मीही बोललो नाही. समोर बसल्यावर आपल्या घरात कुणाला बोलता आलंय? म्हणून आता लिहितो.

आधी तब्बेत. डॉक्टरांनी खालचा वीतभर भाग काढला आणि वरचं टोक पोटाला डावीकडे भोक पाडून बाहेर आणलं. टपालाचं ऑफिसच हलवलं म्हण. आता माझी मर्जी विचारत नाहीत, आलं की थेट पिशवीत. बाबा असते तर म्हणाले असते, आम्ही जन्मभर छाननीवर राहिलो, पोराला मात्र पिशवी मिळाली, बढती झाली. ही आधी बघायला तयार नव्हती. आता रोज सकाळी मला पोस्टमन म्हणते आणि नविन पिशवी बांधताना पत्ता बरोबर आहे का विचारते. मी हसलो की टाके ओढतात.

आता तुझं. तू सगळं अंगावर घेऊ नकोस, थोडं माझ्यासाठी ठेव. तुझ्या उत्तरात एक वाक्य होतं, पत्र लांबलचक लिहिलंय आता अपुरं म्हणू नकोस. ते वाचून मला तेव्हाच खटकलं होतं, की ही पोटाचं बोलतेय की पत्राचं? खरंच खटकलं होतं. मी ते वाक्य सोडून दिलं, कारण बाकीचं सगळं मला हवं तसं होतं. मला कुणीतरी काही नाही म्हणायला हवं होतं. तू तसं म्हणालीस, मी घट्ट धरून बसलो. दवाखाण्याचा कागद मी फाडला, तू नाही. सहा महिने रक्त मी बघत होतो, तू नाही. उन्हाळा सरला, पावसाळाही सरला, तरी शाई बंद झाली नाही, तेव्हा दुसरं कार्ड टाकायला हात उचलला नाही. लाजच ती. माणूस लाजेपायी काय काय करतो.

यकृताचं डॉक्टरांनी मला सांगितलंय, हिला अर्धंच सांगितलंय. ते काढण्यासारखं नाही. किती दिवस, ते विचारलं नाही.

एक मागणं आहे. गेल्या दोन पत्रांत तू माझ्या चुका काढल्या नाहीस. छकुली म्हणते, आत्याने लाल पेन फेकून दिलं. असं करू नकोस. कोरं पत्र परत आलं की वाटतं तू रागावलीस किंवा मी आधीच गेलो. काढत जा चुका. फक्त आधी वाच, मग काढ.

लोभ दोन्ही शायांनी असू दे.

तुझा गुंड्या

•

९ डिसेंबर १९८६

चि. गुंड्यास,
अनेक उ. आ.

तुझं पत्र आधी तीनदा वाचलं, मग रडले, मग पेन घेतलं. 'तब्बेत', 'नविन', 'दवाखाणा'. दवाखान्यात जाऊन आलास तरी तो तुला लिहिता येत नाही. पत्र सोबत परत पाठवते आहे.

त्या खटकलेल्या वाक्याचं तू लिहिलंस ते बरं केलंस. माझं ओझं त्याने कमी झालं नाही, पण एकटीचं राहिलं नाही.

मी आधीच नोकरी सोडून येते असं साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, मार्चअखेर पूर्ण केलीत तरच सगळं हातात पडेल, चार महिन्यांसाठी नुकसान कशाला. तू म्हणशील तसं करते. तुला आठवड्याला दोन पत्रं येतील, मोजून घे.

लोभ आता तूच मोजायचा, माझा हिशेब कच्चा निघाला.

तुझी ताई

•

१८ जानेवारी १९८७

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी पत्रं वेळेवर येतात. माझी प्रकृती बरी आहे. भूक थोडी कमी आहे, पण दुपारी उन्हात खुर्ची टाकून बसतो. दुकानातली उरलेली पुस्तकं बांधून झाली. शेवटचं एक मी स्वतः शिवलं, हात अजून सरळ चालतो.

तू नोकरी सोडून येण्याची घाई करू नकोस. मार्चअखेर ठरल्याप्रमाणे ये. इथे ही आहे, छकुलीही आली आहे, कशाचीच अडचण नाही. एवढी वर्षं त्या बरण्या सांभाळल्यास, त्यांचा निरोप नीट घे. मला त्या बरण्यांचा तुझ्याइतकाच अभिमान आहे, हे मी तुला कधी लिहिलं नव्हतं, ते आज लिहून ठेवतो. लहानपणी तू मला पाटीवर मुळाक्षरं गिरवायला लावायचीस. ती मला कधीच नीट जमली नाहीत, पण तुझा हात माझ्या हातावर असायचा, तेवढं आठवतं.

तुझ्या आशीर्वादाने सर्व ठीक आहे. काळजी नसावी.

लोभ आजवर होता तसाच पुढेही असो.

तुझा गुंड्या

•

२३ जानेवारी १९८७
(कार्ड)

चि. गुंड्यास,
अनेक उ. आ.

तुझं पत्र आज दुपारी आलं. आधी वाचलं, मग पेन घेऊन बसले. दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा प्रत्येक शब्दावर बोट ठेवून पाहिलं. एकही चूक नाही. 'आशीर्वाद'सुद्धा बरोबर. अक्षर तुझंच आहे, पण छकुलीला विचारून-विचारून, कच्चं लिहून, मग पक्कं केलेलं दिसतं. त्रेपन्न वर्षांत तू हे कधी केलं नाहीस. ज्याला पुढचं पत्र लिहायचं असतं तो एवढी मेहनत घेत नाही.

तू लिहिलंस घाई करू नकोस. या खेपेला मी ते तुझ्या शब्दांवर सोडणार नाही. साहेबांना राजीनामा दिला, बरण्यांच्या खोलीची किल्ली दिली. उद्या सकाळच्या गाडीने निघते. हे कार्ड बहुधा माझ्या मागून पोचेल, तेव्हा ते मीच तुला वाचून दाखवीन, सगळ्यांसमोर, मोठ्याने. त्यात बाबांचे शब्द आहेत म्हणून मुळीच लाजणार नाही.

तोवर माझ्यासाठी थांब. सकाळी दारावर टकटक करून मी विचारणार आहे, टपाल निघालं का, आणि पिशवी मी धरणार आहे.

तुझी ताई